सख्खा, चुलत आणि 'गेश्विस्टर'

पुण्यात मी जर्मन शिकवते. संध्याकाळच्या ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या पातळीच्या बॅचमध्ये सध्या चौदा जण आहेत आणि त्यातल्या अकरा जणी नर्सिंग झालेल्या. मराठवाड्यातून पुण्यात आलेल्या, दिवसभर हॉस्पिटलची ड्युटी करून थेट वर्गात येणाऱ्या. डोळ्यांत झोप असते, पण वही उघडलेली असते. या मुलींना शिकवताना मला कधी कंटाळा आलेला नाही.

त्या मंगळवारी कुटुंबाचा धडा होता. फळ्यावर लिहिलं, 'हास्ट डू गेश्विस्टर?' म्हणजे, तुला भावंडं आहेत का?

'गेश्विस्टर' शिकवायला मला फार आवडतं, कारण आपल्याकडे त्याला नेमका जोडीदार आहे: भावंडं. बहीण असो की भाऊ, दोघांना एकाच शब्दात घेणारा, आणि रोजच्या बोलण्यातला. आत डोकावलं तर 'गेश्विस्टर'मध्ये 'श्वेस्टर', म्हणजे बहीण बसलेली आहे. मुळात तो शब्द बहिणींच्या समूहासाठीच होता, भाऊ त्यात नंतर सामावले. आपल्या 'भावंडं'मध्ये मात्र भाऊ ऐकू येतो. हे सांगितल्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे जर्मनीत बहिणीचं चालतं!" वर्गाची झोप उडाली.

मग नेहमीची अडचण आली. 'इश हाबे आइन ब्रूडर,' असं पाच जणींनी सांगितलं. पाचही वेळा मी थांबवलं. ब्रूडर म्हणजे भाऊ, शब्द पुल्लिंगी, आणि 'हाबेन' म्हणजे 'जवळ असणं' या क्रियापदाचं कर्म झाला की 'आइन'चं 'आइनेन' होतं. 'आइनेन ब्रूडर'. बहिणीला हा त्रास नाही, 'आइने श्वेस्टर' आहे तशीच राहते. आपण 'मला एक भाऊ आहे' म्हणतो तेव्हा भाऊ हा कर्ता असतो, म्हणून त्याच्या आधीचा शब्द बदलावा असं आपल्या कानाला वाटतच नाही. चूक तिथून येते, आळसातून नाही. हे एकदा कळलं की मुली स्वतःच एकमेकींना टोकायला लागतात.

वर्गात एक मुलगा आहे, तोही नर्स. त्याने उभं राहून ठणठणीत आवाजात सांगितलं, "इश बिन ब्रूडर." आपल्या वॉर्डात बाई असली तर सिस्टर, पुरुष असला तर ब्रदर, त्यामुळे त्याच्या हिशेबाने वाक्य बरोबरच होतं. जर्मनीतही नर्सला 'श्वेस्टर' म्हणून हाक मारायची रीत आहे, 'क्रांकेनश्वेस्टर' हा तर अगदी जुना शब्द. पण पुरुष नर्स तिथे 'प्फ्लेगर'. व्यवसाय सांगताना कोणी 'मी ब्रूडर आहे' म्हणाला तर लोक त्याला मठातला साधू समजतील. 2020 पासून लागू झालेल्या कायद्यानुसार तिथे पदाचं नावच वेगळं आहे: बाईला 'प्फ्लेगेफाखफ्राउ', पुरुषाला 'प्फ्लेगेफाखमान'. त्याने तो शब्द तीनदा लिहून काढला आणि मोठ्यांदा वाचला.

मग परभणीकडच्या एका मुलीची पाळी आली. शांत मुलगी, अक्षर मोत्यासारखं. तिने 'ब्रूडर'चं अनेकवचन करून, 'उ'वरच्या दोन टिंबांचा उच्चार ओठांचा चंबू करून अगदी बिनचूक केला: "इश हाबे त्स्वाइ ब्र्यूडर." मला दोन भाऊ आहेत. मी 'शाबास' म्हणणार, तेवढ्यात तिच्याच गावची मैत्रीण बोलली, "मॅडम, तिला सख्खा भाऊ नाहीये. एकुलती एक आहे ती. ते दोघं चुलत आहेत."

इथे मी घाई केली. शिक्षकाच्या तोंडावर योग्य शब्द इतका तयार असतो की समोरच्याचा चेहरा बघायचा राहून जातो. मी म्हटलं, "मग तू 'इश बिन आइन्त्सेलकिंट' म्हणायला हवं. आणि ते दोघे तुझे 'कुझँ'." एकुलतं एक मूल आणि चुलत-मामे भाऊ, असे दोन्ही शब्द फळ्यावर लिहिले आणि पुढच्या मुलीकडे वळले.

दहा मिनिटांनी पाहिलं तर तिच्या वहीत काहीच उतरलेलं नव्हतं. जवळ जाऊन विचारलं. ती हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, मागच्या धड्यात आइन्त्सेलत्सिमर होता ना? हॉटेलातली एकट्या माणसाची खोली. मी तशी नाहीये हो. आम्ही एका ताटात जेवलोय. या क्लासची फी दादानं भरलीय, कापूस विकून."

फळ्यावरचा तो शब्द मग मला बघवेना.

पण तिला खोटं शब्दज्ञान देऊन पाठवणंही बरोबर नव्हतं. उद्या जर्मनीत कोणी सहज चौकशी केली, कागदपत्रांवर काही लिहायची वेळ आली, तर 'ब्रूडर' म्हणजे एकाच आईबापाचा मुलगा. त्यावर फार जोर द्यायचा झाला तर जर्मन माणूस 'लाइब्लिश' असं विशेषण लावतो, आपल्या 'सख्खा'सारखं. त्यातला 'लाइब' म्हणजे शरीर. चुलत भावाला नुसता भाऊ म्हणायची सोय त्या भाषेत नाही.

म्हणून मी धडा बाजूला ठेवला आणि फळ्यावर चार जुने शब्द लिहिले. फेटर, बाझे, मूमे, ओहाइम. आज जर्मन माणूस काका-मामा दोघांना 'ओंकल' म्हणतो आणि आत्या-मावशी दोघींना 'टांटे'. पण हे शब्द फ्रेंचमधून आलेले, 'कुझँ'सुद्धा तिथलाच. त्याआधीच्या जर्मनमध्ये बापाचा भाऊ फेटर, बापाची बहीण बाझे, आईची बहीण मूमे, आईचा भाऊ ओहाइम. प्रत्येक नात्याला स्वतःचं नाव होतं. पुढे फेटर आणि बाझे हे शब्द सरकत चुलत-मामे भावंडांवर आले, आणि आता तेही जुन्या वळणाचे वाटतात.

वर्गात कोणी हललं नाही. मग एक जण म्हणाली, "म्हणजे काका, आत्या, मावशी, मामा... सगळे होते त्यांच्याकडे?" होते. मला स्वतःला हे पहिल्यांदा कळलं होतं तेव्हा रात्री बराच वेळ झोप लागली नव्हती. परकी म्हणून शिकत असलेल्या भाषेच्या माळ्यावर आपल्या घरातलीच भांडी सापडावीत, तसं काहीसं झालं होतं.

मग आम्ही सगळ्यांनी मिळून तिच्यासाठी वाक्य शोधायला घेतलं. 'आम्ही एकत्र वाढलो' म्हणायला भूतकाळ लागतो आणि तो अजून शिकवलेला नव्हता. जेवढं येतं तेवढ्यातच बसवायचं होतं. 'फ्यूअर मिश' म्हणजे माझ्यासाठी, हे दोन दिवसांपूर्वी झालं होतं. 'वी' म्हणजे सारखं, हेही माहीत होतं. अखेर फळ्यावर उतरलं: 'झी झिंड फ्यूअर मिश वी ब्र्यूडर.' माझ्यासाठी ते भावांसारखेच आहेत. ए-वनच्या शब्दांत बसणारं, व्याकरणात चोख, आणि खरं.

तिने ते लिहून घेतलं. मग विचारलं, "आणि दादाला दादाच म्हणायचं ना?" तिथे मोठ्या भावालाही नावानेच हाक मारतात, हे मी सांगितलं तेव्हा अकराच्या अकरा जणींनी नाही म्हणून माना हलवल्या. पण त्याच्याबद्दल बोलताना 'माइन ग्रोसर ब्रूडर' म्हणतात, म्हणजे शब्दशः 'माझा मोठा भाऊ'. हे मात्र सगळ्यांना पटलं.

पुढच्या आठवड्यात तोंडी परीक्षेचा सराव घेतला. या परीक्षेत आधी स्वतःची ओळख करून द्यायची असते, मग एक विषय आणि एक शब्द लिहिलेलं कार्ड उचलून शेजारच्याला प्रश्न विचारायचा. मी मुद्दाम 'कुटुंब – गेश्विस्टर' हे कार्ड गठ्ठ्यात घातलं होतं. ते आलं त्या प्फ्लेगर मुलाच्या हातात, आणि शेजारी हीच बसली होती.

"हास्ट डू गेश्विस्टर?"

"नाइन. आबर इश हाबे त्स्वाइ कुझँस. झी झिंड फ्यूअर मिश वी ब्र्यूडर."

"वी आल्ट झिंड झी?"

थोरल्याचं वय सत्तावीस. जर्मनमध्ये आकडा आपल्यासारखाच उलटा चालतो, आधी सात आणि मग वीस, त्यामुळे ती क्षणभरही अडखळली नाही. "झीबेनउंटत्स्वान्त्सिश," ती म्हणाली, आणि धाकट्याचं वय सांगायच्या आधी माझ्याकडे बघून हसली.