तळ्याकाठचा रस्ता म्हणे सपाट असतो

रवांडात काँगो नाईल ट्रेल म्हणून एक रूट आहे, किवू लेकच्या काठाकाठाने, वर रुबावूपासून खाली रुसिझीपर्यंत 227 किमी, बराचसा मातीचा. नकाशात बघितलं की उजव्या हाताला पाणी, डाव्या हाताला डोंगर, मधून रस्ता, म्हणजे आरामात पाणी बघत बघत जायचं असंच कुणालाही वाटेल. आमचा सायकलवरचा त्या दिवशीचा टप्पा किनुनू ते किबुये.

तर हा लेक म्हणजे मुळात बुडालेल्या दऱ्या आहेत. विरुंगाच्या ज्वालामुखींच्या लाव्ह्याने उत्तरेकडे जाणारं पाणी अडलं, ते चढत चढत प्रत्येक दरीत घुसलं (आता ते उलटं दक्षिणेला रुसिझी नदीतून टांगानिका लेकला जातं), म्हणून काठ सगळा बोटं पसरल्यासारखा. रस्ता बिचारा प्रत्येक बोटाशी ओढ्यापर्यंत उतरतो आणि लगेच पुढच्या डोंगरावर चढतो. कोकणात सागरी मार्गाने सायकल मारलेल्यांना खाडी उतरा सडा चढा हा प्रकार माहितीच आहे. पण आपल्याकडे घाट काढताना ट्रक चढेल एवढा तरी विचार केलेला असतो, वळणं दिलेली असतात. इथे पायवाट रुंद केली आणि झाला रस्ता, सरळ नाकासमोर वर!

त्यात महिन्याचा शेवटचा शनिवार. त्या दिवशी सकाळी 8 ते 11 देशभर उमुगांडा, म्हणजे श्रमदान, दुकानं बंद, गाड्या बंद, गावच्या गाव रस्त्यावर. पाहुण्यांना सक्ती नसते पण सगळे राबत असताना मधून सायकल दामटत जाणं बरं दिसत नाही, म्हणून आम्ही थांबलो. पाच मिनिटं हाताची घडी घालून उभे राहिलो असू, एका आज्जींनी काही न बोलता माझ्या मित्राच्या हातात कुदळ दिली. मग काय, गटार काढलं, आमचंही तेच माती उपसणं चालू, आणि सगळे आम्हाला हसतायत. मजा आली खरं सांगायचं तर, पण निघेपर्यंत अकरा वाजून गेले आणि विषुववृत्ताजवळ असल्याने बारा महिने संध्याकाळी सहाच्या आसपास अंधार, म्हणजे हातात सातच तास.

रात्री पाऊस पडून गेलेला. लाल माती टायरला चिकटते, मग मडगार्डच्या आत जाऊन बसते आणि पाच मिनिटांत चाक फिरायचंच बंद होतं. काठीने खरवडायची, शंभर पावलं ढकलायची, परत खरवडायची. शेवटी मडगार्ड काढून पॅनिअरवर (कॅरिअरला लटकवलेल्या बॅगांवर) बांधले, मग पाठीवर लाल पट्टा आला तो आला पण चाक तरी फिरलं.

पोरं तर कुठून उगवतात कळतच नाही. मुझुंगू मुझुंगू, म्हणजे गोरा परदेशी, असं ओरडत मागे धावतात (हो, आम्हाला पण!), रिकामी पाण्याची बाटली मागतात, आणि चढावर दोघं तिघं मागून कॅरिअरला हात लावून ढकलतात. नको म्हणायची ताकद नव्हती आणि इच्छाही नव्हती. एक माणूस तर विनागिअरच्या सायकलवर केळ्यांचे घड बांधून, चप्पल घालून ढकलत आमच्या पुढे निघून गेला, जाताना "कोमेरा" म्हणजे दम धरा असं म्हणाला. 2025 ला सायकलिंगची रोड वर्ल्ड चॅम्पियनशिप किगालीत झाली, आफ्रिकेत पहिल्यांदाच, तर त्यात मला काही आश्चर्य वाटत नाही.

चढ निदान प्रामाणिक असतो, उतरून ढकलता येतं. मला खरं वैताग आणला तो उताराने. दगड सुटे, मध्ये पाण्याने कापलेली घळ, लोडेड सायकल, दोन्ही ब्रेक सतत दाबलेले, बोटं इतकी आखडली की खाली पोचल्यावर बाटलीचं झाकण उघडेना. आणि एवढं करून मिळवलेली उंची सगळी घालवायची, समोर तेवढाच चढ आहेच. लेक 1460 मीटरवर, आपण दिवसभर त्याच्यापासून वर जाऊन परत त्याच्याकडेच येतोय.

दुपारी एका टपरीवर दुधाचा चहा आणि चपाती मिळाली. चपाती! जाड, तेलकट, आपल्या आईने बघितली तर नाव ठेवेल अशी, पण तीन तीन खाल्ल्या.

रुबेंगेराला डांबरी लागलं तेव्हा सव्वापाच. तिथून किबुयेपर्यंत चाकांचा आवाज थांबला तेच केवढं सुख, शेवटचा तुकडा मात्र हेडलाईट लावूनच काढला. जेवायला तळलेले सांबाझा, लेकमधले छोटे मासे, कुरकुरीत, लिंबू पिळून, आणि त्याच्याबरोबर वाद, की उद्या परत मातीचा रस्ता की रुसिझीपर्यंत सरळ डांबरी. मित्र डांबरीच्या बाजूने, मी मातीच्या. शेवटी टॉर्च लावून ब्रेक पॅड बघितले, माझ्या मागच्याचा नुसता पत्रा उरला होता आणि स्पेअर एकच जोडी. ती मित्राच्या पॅनिअरमध्ये.

डांबरी ठरलं.