एकच प्रजाती, दोन पिढ्या

आज दिवसभर कच्छच्या चुनखडीतले न्युम्युलाइट बघत होते. इओसीन काळातले, म्हणजे चार-पाच कोटी वर्षांपूर्वीचे समुद्री जीव. एकपेशीय, आणि तरी कवच नाण्याएवढं! लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते.

नुसतं बाहेरून बघून प्रजाती ठरवता येत नाही. कवच चिमट्यात धरून ज्योतीवर तापवायचं आणि लगेच गार पाण्यात टाकायचं. नीट जमलं की बरोबर मधून दोन भाग होतात. मग मायक्रोस्कोपखाली आतलं वेटोळं दिसतं: पहिला कप्पा केवढा, वेढे किती घट्ट, कप्प्यांमधले पडदे सरळ की कललेले.

आज दोन कवचं शेजारी शेजारी ठेवली. एक लहान, पण मधला कप्पा ठसठशीत. दुसरं चांगलंच मोठं, आणि मधला कप्पा शोधूनही सापडेना इतका बारीक. एकोणिसाव्या शतकात अशा जोड्यांना वेगवेगळ्या प्रजाती समजून दोन-दोन नावं दिली गेली. प्रत्यक्षात त्या एकाच प्रजातीच्या दोन पिढ्या: लहान कवचाची अलैंगिक प्रजननातून आलेली, मोठ्याची लैंगिक. एकाच थरात जोडीनं सापडणं आणि पडद्यांची ठेवण जुळणं, यावरून नातं लक्षात येतं. आज ते जुळताना बघून फार आनंद झाला.

आपल्या पुण्याच्या बेसाल्टमध्ये हे जीव मिळायचे नाहीत. सिंहगडाचा काळा कातळ ओळखणाऱ्या मुलांच्या हातात समुद्रात तयार झालेला दगडही पडायला हवा, असं मला मनापासून वाटतं. शनिवारी शाळेची एक तुकडी येतेय. दोन्ही पिढ्यांची कवचं त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवलीत.