जुनी मोटर टाकण्याआधी

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, कारण हे मला सारखंच कुणी ना कुणी विचारतं: "आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) कारची जुनी ब्रशवाली मोटर आता ओढत नाही, लगेच तापते, टाकून ब्रशलेस घेऊ का?" ब्रशलेस घ्यायची तर जरूर घ्या, पण जुनी एकदा उघडून बघितल्याशिवाय टाकू नका. या मोटरी सहसा मरत नाहीत, त्यांचं बिघडतं ते नखाएवढ्या जागेत, जिथे कार्बन (म्हणजेच ब्रश, करंट आत नेणारा छोटा ठोकळा) कम्युटेटरला, म्हणजे शाफ्टवरच्या तांब्याच्या फिरत्या भागाला टेकतो तिथे.

आता ५४० साइजमध्ये (आरसी कारच्या मोटरचं नेहमीचं माप) दोन जाती. किटबरोबर येणारी चंदेरी बंद डब्याची, तिचे कार्बन बदलता येत नाहीत, तिला मोटर साफ करायचा स्प्रे मारायचा आणि बुशला (शाफ्ट ज्यात फिरतो ते कडं) तेल द्यायचं, एवढंच. दुसरी स्क्रूवाली, तिची एंडबेल, म्हणजे कार्बन बसवलेलं मागचं झाकण, निघते, आणि खरी मजा तिच्यातच आहे. फक्त स्क्रू ढिले करण्याआधी डबा आणि एंडबेल दोन्हींवर मिळून एक रेघ मारा, कारण एंडबेल जराशी फिरली तरी टायमिंग, म्हणजे कार्बन कुठल्या क्षणी कुठल्या पट्टीला टेकतो ते, बदलतं. मग आधी स्प्रिंग उचलून कार्बन बाहेर काढा, नंतरच एंडबेल ओढा, नाहीतर कार्बनच्या कडा तुटतात. शाफ्टवरचे बारीक वॉशर कुठल्या बाजूला किती होते तेही लिहून ठेवा, हे सगळे विसरतात.

आर्मेचर (तार गुंडाळलेला फिरता भाग) बाहेर काढताना मॅग्नेट त्याला परत आत खेचतं, तो हिसका हाताला चांगला जाणवला की बरं वाटतं, मॅग्नेटमध्ये जोर आहे अजून. मग उजेडात धरून कम्युटेटर बघा. तांब्याच्या तीन पट्ट्या असतात. सगळीकडे सारखा तपकिरी, गुळगुळीत रंग असेल तर तो निरोगी. काळे जळके डाग असतील तर ठिणग्या उडतायत, गोल रेघा असतील तर कचरा गेलाय. आणि त्या तीन पट्ट्यांच्या मधल्या फटी, त्यात कार्बनची पूड ठासून बसते आणि करंट एका पट्टीवरून दुसरीवर गळायला लागतो, मोटर ढिली पडायचं एक कारण हेच. लाकडी टूथपिकने हळूच कोरून काढा.

माझ्याकडे एकदा अशीच "गेलेली" मोटर आली होती. कम्युटेटर काळा होता पण खरा दोष कार्बनच्या घरात होता, पूड आणि धुळीने कार्बन आत अडकून बसलेला, स्प्रिंगने ढकलूनही पुढे सरकत नव्हता. घर साफ केलं, कार्बन आपल्या वजनाने खाली घसरला, तेव्हाच कळलं की ही चालणार. स्प्रिंग मात्र तापून निळी पडली होती, अशा स्प्रिंगचा ताण जातो, ती बदललीच.

कम्युटेटर सँडपेपरने घासू नका, माझं हे ठाम मत आहे. हाताने घासला की तो गोल राहत नाही, कार्बन उड्या मारतो आणि ठिणग्या वाढतात. लेथवर अगदी केसभर कातून घ्यावा, आणि त्यानंतर नवे कार्बन टाकून लोड न देता २-३ व्होल्टवर मोटर थोडा वेळ फिरवावी, कार्बनचं तोंड कम्युटेटरच्या गोलाईला बसेपर्यंत. ठिणग्या हळूहळू मंदावताना दिसतात, ते बघत बसायला मला अजूनही आवडतं. काही जण हेच पाण्यात बुडवून करतात, लवकर होतं खरं, पण कार्बन भराभर झिजतो आणि नंतर नीट वाळवून तेल दिलं नाही तर बेअरिंग गंजतात, म्हणून मी करत नाही.

तेल प्रत्येक बाजूला एकच थेंब. सुरुवातीला मी सढळ हाताने दिलं होतं, ते कम्युटेटरपर्यंत उतरलं, पुडीत मिसळून काळा लगदा झाला आणि कार्बनही वाया गेले. स्टिअरिंगचा सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर) थरथरत असेल तर मोटरवरचे, ठिणग्यांचा रेडिओला होणारा त्रास दाबणारे ०.१ मायक्रोफॅरडचे तीन कपॅसिटर बघा, एखाद्याची तार तुटलेली असते. आणि इतकं करूनही तापत असेल तर पिनियन (मोटरच्या शाफ्टवरचं छोटं दातेरी चाक) एक-दोन दातांनी लहान करा.

वायंडिंगचा वार्निश जळल्याचा वास आला, तार काळी पडली, तर ती मात्र गेली. तरी स्प्रिंग, वॉशर, स्क्रू काढून डबीत ठेवा, पुढच्या मोटरला लागतात.