अरोराची वही: शटर पंधरावरून दोनवर

नॉर्वेतल्या ट्रोम्सोच्या पश्चिमेला क्वालोया बेट आहे. तिथे एर्सफ्योर्डच्या टोकाशी अरोराचे, म्हणजे ध्रुवीय प्रकाशाचे, फोटो काढत कालची रात्र घालवली, या हिवाळ्यातली नववी. निघण्याआधी गेल्या वर्षीचे फोटो उघडले आणि खरं सांगते, लाज वाटली. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२००, एफ (लेन्सचं तोंड; आकडा लहान तितकं ते मोठं) २.८, शटर उघडं १५ सेकंद. आकाश हिरवं, डोंगर हिरवे, बर्फ हिरवा, आणि अरोरा म्हणजे ओल्या फडक्याने पुसलेला रंग. तेव्हा मात्र 'काय रंग आलाय!' म्हणून मी हरखले होते.

यंदा रंगाचा नाद सोडून आकाराच्या मागे लागले. शटर आधी आठ, मग चार, आता दोन सेकंद. अरोराचा पडदा जोरात हलायला लागला की १.६. नवी २० एमएमची लेन्स एफ १.८ पर्यंत उघडते, म्हणून आयएसओ न वाढवता हे जमतं. दोन सेकंदांच्या पहिल्याच फ्रेममध्ये पडद्याच्या चुण्या अक्षरशः मोजता आल्या.

शटर किती खाली आणायचं, याला अरोराच मर्यादा घालतो. हिरवा प्रकाश साधारण १०० ते १५० किलोमीटर उंचीवरच्या ऑक्सिजनचा. इलेक्ट्रॉनची धडक बसल्यावर तो अणू सरासरी पाऊणएक सेकंद दम खातो आणि मग प्रकाश सोडतो. २०० किलोमीटरच्या वरचा लाल तर जवळपास दोन मिनिटं रेंगाळतो. त्याच्या कडा धारदार काढायचा हट्ट मी सोडलाय. नायट्रोजनला असला धीर नाही. पडद्याच्या खालच्या काठाची गुलाबी झालर दिसते न दिसते तोच विझते. गेल्या वर्षीच्या एकाही फोटोत ती नाही, काल चार फ्रेममध्ये सापडली.

आता यंदाच्या एका घोळाबद्दल. पहिल्या तीन रात्रींच्या फोटोंत बरोबर मध्यभागी एकात एक वर्तुळं होती, विहिरीत खडा टाकल्यावर उठतात तशी. फोकस बदलला, दुसरं कार्ड घातलं, सेन्सरच गेला असं धरून चालले. दोष निघाला लेन्स जपायला लावलेल्या यूव्ही फिल्टरचा. अरोराचा हिरवा जवळजवळ एकाच तरंगलांबीचा, ५५७.७ नॅनोमीटर. फिल्टरच्या दोन समांतर पृष्ठभागांमध्ये तो मागेपुढे आपटतो, स्वतःलाच कुठे वाढवतो तर कुठे खोडतो. दिवसाच्या उजेडात सगळ्या तरंगलांब्यांची सरमिसळ असते, त्यामुळे ही वर्तुळं दिसतच नाहीत. फिल्टर थंडीत घट्ट बसला होता. उणे चौदात हातमोजे काढून तो सोडवताना बोटांची जी गत झाली ती जन्मभर लक्षात राहील. तीन रात्रींच्या फाइल मात्र गेल्या त्या गेल्याच.

बाकी सवयी आता अंगवळणी पडल्यात. ठळक तारा स्क्रीनवर मोठा करून फोकस, मग रिंगवर चिकटपट्टी. जास्तीच्या बॅटऱ्या आतल्या खिशात. गरम खोलीत शिरण्याआधी कॅमेरा पिशवीत बंद, नाहीतर लेन्सला घाम फुटतो.

केपीचा, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातल्या खळबळीचा, आकडा बघून निघणंही बंद केलं. तो तीन-तीन तासांचा, अख्ख्या पृथ्वीचा हिशोब, ६९.६ अंश उत्तरेला, थेट अरोराच्या पट्ट्याखाली, केपी २ असतानाही आकाश पेटतं. मी बघते बीझेड, म्हणजे सौरवाऱ्याच्या (सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या झोताच्या) चुंबकीय क्षेत्राचा उत्तर-दक्षिण घटक. तो दक्षिणेकडे वळला, म्हणजे उणे झाला, की सौरवाऱ्याला पृथ्वीचं दार उघडतं. मोजणारी यानं सूर्याच्या बाजूला १५ लाख किलोमीटरवर आहेत. वारा सेकंदाला ५०० किलोमीटरचा असेल तर हाताशी पन्नास मिनिटं मिळतात. काल बीझेड उणे सहावर अर्धा तास टिकला तेव्हा बूट चढवले. एक शांत कमान बराच वेळ नुसती पडून होती. मग तिचा खालचा काठ उजळला, कमान दुमडली आणि दोन-तीन मिनिटांत डोक्यावर फुटली. त्या गडबडीत मी रिमोट सोडून वर बघत राहिले, तेवढ्या फ्रेम नाहीत. नसू देत.

मध्यरात्रीनंतर आकाशभर करडे ठिपके उरले, काही सेकंदांनी लागणारे, विझणारे. डोळ्यांना धडधड स्पष्ट दिसते, फोटोत मात्र प्रत्येक फ्रेम पातळ ढगासारखी. याला फोटो नाही, व्हिडिओच लागणार. पुढच्या निरभ्र रात्री आयएसओ २५,६०० वर लावून बघते. दाणे कितीही येवोत, धडधड टिपायची आहे.