गुडघ्यापर्यंतची शेवंती

सप्टेंबर सरत आला की टेक्सासच्या हायस्कूलमध्ये होमकमिंगच्या शुक्रवारी मुली चालताना वाजायला लागतात. छातीवर बशीएवढं रेशमी फूल, त्याखाली गुडघ्यापर्यंत लोंबणाऱ्या रिबनी आणि रिबनींत दडलेल्या घंटा, घुंगरं, छोटे फुटबॉल. याला तिथे ‘मम’ म्हणतात. पूर्वी खरीखुरी पांढरी शेवंती असायची, आता फूल कापडी असतं.

होमकमिंग हा मुळात माजी विद्यार्थ्यांना बोलावण्याचा सोहळा. १९०९ साली बेलर विद्यापीठाने तो केला, १९११ साली मिसूरीने. पहिला कोण, यावर दोघांचं अजून जमत नाही. हायस्कूलमध्ये माजी विद्यार्थी आता नावापुरते उरलेत. त्या आठवड्यात एक दिवस पायजमा घालून यायचं, एक दिवस मैत्रिणीशी जुळे कपडे, शुक्रवारी पेप रॅलीत, म्हणजे संघाला चेव आणायच्या शाळेतल्या मेळाव्यात, घसा बसेपर्यंत ओरडायचं, रात्री फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात विद्यार्थ्यांतून निवडलेल्या राजा-राणीला मुकुट, शनिवारी नाच. एवढं अमेरिकेत बहुतेक ठिकाणी होतं. ममचं हे वेड मात्र खास टेक्सासचं.

रीत अशी की मुलाने मुलीला मम द्यायचं आणि मुलीने मुलाच्या दंडावर बांधायला गार्टर, म्हणजे तेच प्रकरण छोटं करून इलॅस्टिकवर बसवलेलं. प्रत्यक्षात रात्री जागून ग्लू गन चालवतात त्या दोघांच्या आया. डॅलसजवळच्या प्लेनो-फ्रिस्कोकडच्या मराठी घरांत मुलगा नववीत गेला की हे प्रकरण पहिल्यांदा कळतं. दुकानातल्या तयार ममची किंमत ऐकली की घरीच करू असं ठरतं, आणि मग सगळे फुलाच्या मागे लागतात. फूल हा यातला सर्वांत सोपा भाग. मम टिकतं ते पाठीवर.

पाठ म्हणजे पुठ्ठ्याची आठ इंची चकती. खोक्याच्या पन्हळी पुठ्ठ्याच्या दोन चकत्या कापायच्या आणि एकीच्या पन्हळी उभ्या, दुसरीच्या आडव्या ठेवून चिकटवायच्या. एकच चकती घेतली तर रिबनींच्या ओझ्याने ती दुपारपर्यंत मधोमध दुमडते आणि फूल जमिनीकडे बघायला लागतं. मग दीड इंच रुंदीच्या रिबनीचे सहा-सहा इंचांचे तुकडे दुमडून चकतीच्या कडेने पाकळ्या स्टेपल करायच्या. एका फेरीला पंचवीस-तीस पाकळ्या, म्हणजे पाचेक यार्ड रिबन. दुसरी फेरी पहिलीच्या फटींवर आली पाहिजे, नाहीतर मधून पुठ्ठा डोकावतो. फूल सगळ्यात शेवटी.

लोंबत्या रिबनी चकतीच्या खालच्या अर्ध्या भागात स्टेपलनेच बसवायच्या. इथे नुसत्या हॉट ग्लूवर भरवसा ठेवायचा नाही. टेक्सासच्या उन्हात बंद गाडीत तासभर मम राहिलं की ग्लू मऊ पडतो आणि रिबनी घसरतात. रिबनीच्या वेण्या जड, त्या मधे. साध्या रिबनी कडेला. घंटा आणि टेडी वेणीलाच अडकवावेत, कारण एकेरी सॅटिनला टांगलेली घंटा पहिल्या जिन्यातच रिबन फाडून खाली येते. टोकं तिरकी कापून लायटरची आच क्षणभरच दाखवायची, म्हणजे धागे सुटत नाहीत. जास्त वेळ धरली तर टोक काळं पडतं, आणि बारावीच्या ममवर ते लपत नाही. बारावीवाल्यांचं मम पांढरं-चंदेरी, बाकीच्यांचं शाळेच्या रंगांत. रंगांचा हा नियम कुणी मोडलाच तर त्याची चर्चा सामन्यापेक्षा जास्त होते.

एका रिबनीवर मुलीचं नाव, दुसरीवर मुलाचं, तिसरीवर शाळा आणि साल. अक्षरं आधी नुसती मांडून बघावीत. पाचव्या अक्षरापाशी जागा संपते हे चिकटवल्यावर कळलं तर ती रिबन गेली. चकाकणारी अक्षरं गुळगुळीत सॅटिनवर धड चिकटत नाहीत. प्रत्येकाखाली ग्लूचा थेंब द्यावा आणि रात्रभर वहीखाली दाबून ठेवावं.

सेफ्टी पिनने टी-शर्टला लावायचा हट्ट सोडावा, शर्ट फाटतो. गळ्यात रुंद रिबन घालावी आणि तिची टोकं चकतीला वर डावीकडे आणि वर उजवीकडे अशी दोन ठिकाणी पक्की करावी. एकाच ठिकाणी केली तर मम दिवसभर भोवऱ्यासारखं फिरतं. पाठीला फेल्टचा तुकडा लावला की स्टेपलची टोकं टोचत नाहीत.

दिवे लावलेली, तीन फुलांची, चालताना दोन्ही हातांनी उचलावी लागणारी ममही दिसतात. फोटोपुरती ठीक, पण ती घालून बाकावर बसता येत नाही. एक फूल, पंधरा-वीस रिबनी आणि दोन घंटा एवढ्यात काम होतं. गणिताची परीक्षा नेमकी त्याच शुक्रवारी असेल तर तेवढ्या तासाला दोन्ही घंटांत कापूस कोंबावा. सामन्याआधी तो काढायला विसरू नये.