आधी गोळी हॅननेच झाडली होती

दुपारपासून ठाण्यात नुसता पाऊस. तलावपाळीचा बेत रद्द झाला, म्हणून लेकीला पहिल्यांदाच 'स्टार वॉर्स' दाखवायला बसलो. आठवडाभर तिला त्याबद्दल सांगत होतो.

गुत्त्यातला प्रसंग आला. नायकांपैकी एक, तस्कर हॅन सोलो; त्याच्यासमोर त्याला पकडायला आलेला ग्रीडो बसलेला. ग्रीडो भलताच एक शब्द बोलला आणि दोघांच्या बंदुका जवळपास एकदमच चालल्या! मी ताडकन उठलो. लेक म्हणाली, "बाबा, काय झालं?"

काय सांगू? 1977 साली गोळी फक्त हॅनने झाडली होती. तो स्वार्थी, सावध माणूस, म्हणून तर शेवटी मित्रांसाठी परत फिरतो तेव्हा अंगावर काटा येतो. 1997 च्या आवृत्तीत ग्रीडोला आधी गोळी झाडायला लावली आणि हॅन बिचारा स्वतःला वाचवणारा झाला. त्यानंतरही तो प्रसंग पुन्हापुन्हा बदलला. पात्राचा कणाच मोडला हो!

'ई.टी.'मध्येही 2002 साली पोलिसांच्या हातातल्या बंदुका जाऊन वॉकीटॉकी आल्या. पण त्याचा दिग्दर्शक स्पीलबर्गने ती चूक उघडपणे मान्य केली, मूळ चित्रपट परत आणला. त्याबद्दल मला त्याचा फार आदर वाटतो. 'ब्लेड रनर' चित्रपटाच्या तर 2007 च्या डीव्हीडी संचात वेगवेगळ्या आवृत्त्या एकत्रच दिल्या. ज्याला जी हवी ती बघा.

लेक म्हणते, "मग मला जुना दाखवा." 2006 च्या डीव्हीडीसोबत मूळ रूप आलं होतं, ती माझ्याकडे माळ्यावर आहे. नौपाडा, चरई, वर्तकनगर... कुणाकडे चालू स्थितीतला डीव्हीडी प्लेअर आहे का? एका दिवसासाठी हवाय.