बेळगोळचा डोंगर, सकाळी सातच्या आत

शुक्रवार, रात्री

कोल्हापूर-सांगलीकडच्या घरांत बेळगोळची, म्हणजे कर्नाटकातल्या श्रवणबेळगोळच्या बाहुबलीची, यात्रा ठरते ती बहुतेक उलट्या टोकाने. आधी गाडी कुणाची, मग दुपारचं जेवण कुठे, मग रात्रीचा मुक्काम, आणि डोंगर उरलेल्या वेळात. खरं तर सगळं त्या डोंगरावरून मागे मोजत यायला हवं. विंध्यगिरी, म्हणजे मूर्तीचा मोठा डोंगर, अनवाणी चढायचा आहे, सहाशेच्या वर पायऱ्या आहेत आणि त्या सगळ्या उघड्या कातळात कोरलेल्या. उन्हाळ्यात दहा वाजले की तो कातळ तव्यासारखा तापतो. लहान मुलं रडायला लागतात, म्हातारी माणसं अर्ध्यात बसतात आणि वर पोचलेले पाय भाजतात म्हणून पाच मिनिटांत सावलीत पळतात. 57 फुटांची मूर्ती पाहायला 600 किलोमीटर जायचं आणि तिच्यासमोर पाच मिनिटं उभं राहायचं, याला काय अर्थ आहे?

म्हणून गणित असं. डोंगर साधारण साडेसहाला उघडतो, त्या वेळी पहिल्या पायरीशी हजर. त्यासाठी आदली रात्र बेळगोळातच, फार तर 13 किलोमीटरवरच्या चन्नरायपट्टणला. त्यासाठी आदल्या दुपारी चारच्या आत गावात. आणि त्यासाठी त्याच्याही आदल्या रात्री चित्रदुर्ग. कोल्हापूरहून एका दमात गाडी मारणारे आहेत, पण थांबत-थांबत बारा तास होतात. रात्री दहाला पोचलेलं कुटुंब पहाटे साडेपाचला उठत नाही, हे लिहून ठेवावं.

बरोबर काय घ्यायचं ते आजच काढून ठेवलेलं बरं. प्रत्येकाला जाड सुती मोज्यांचे दोन जोड. नायलॉनचे नकोत, लाखो पावलांनी गुळगुळीत झालेल्या पायरीवर ते घसरतात. चपला-बूट खालीच ठेवायचे असतात, म्हणून गाडीत जुनी पिशवी. टोप्या. माणशी एक लिटर पाणी, कारण वर मिळेल या भरवशावर चढू नये. एक छोटी दुर्बीण, तिचं कारण पुढे येईल. घरात सूर्यास्तानंतर न जेवणारे असतील तर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गाळलेल्या पाण्याचा कॅन गाडीत हवाच. हायवेवरच्या हॉटेलात कांदा-लसूण-बटाट्याशिवाय म्हटलं की शेवटी इडलीवर येऊन थांबतं, आणि तीही सांबाराशिवाय.

शनिवार

कोल्हापूर सोडायचं पहाटे पाचला, पण गाळप हंगाम चालू असेल तर उजाडल्यावरच. निपाणी ते संकेश्वर या टप्प्यात उसाच्या जोडट्रॉल्या अंधारात मागच्या दिव्याशिवाय चालतात. ट्रॉलीच्या मागे बाहेर आलेली मोळी हेडलाइटमध्ये दिसते तेव्हा अंतर उरलेलं नसतं. दोन ट्रॅक्टर एकमेकांना ओव्हरटेक करतात तेव्हा दोन्ही लेन भरतात. हॉर्न वाजवून काही होत नाही, मागे थांबायचं.

निपाणी ओलांडली की तवंदीच्या घाटाला लागून स्तवनिधी हे जैन क्षेत्र आहे. जैन घरांतली गाडी तिथे थांबतेच. थांबावं, पण अर्ध्या तासाच्या वर नाही.

बेळगावपर्यंत सुमारे 110 किलोमीटर, तिथून हुबळी आणखी 95. चौपदरी रस्त्यावरून येताना हात सैल झालेला असतो आणि नेमका तेव्हाच हुबळी-धारवाड बायपास येतो. हा तुकडा वर्षानुवर्षं दुपदरी राहिला, समोरासमोरच्या धडकांसाठी बदनाम झाला आणि मग त्याचं रुंदीकरण काढलं गेलं. काम चालू असलेल्या रस्त्यावर वळणं रोज बदलतात, नकाशा मागे पडतो. बायपास संपेपर्यंत ओव्हरटेक बंद, एवढाच नियम. पुढे हावेरी, राणेबेन्नूर, दावणगेरे सरळ रस्ता. इथे धोका वेगळा आहे: गावाजवळच्या दुभाजकाच्या फटीतून मोटरसायकली आडव्या येतात, सर्व्हिस रोड असूनही उलट्या दिशेने येतात. डावी लेन मोकळी दिसली म्हणून तिच्यात वेग धरू नये.

टोलनाक्यांची रांग लांब आहे. फास्टॅगमध्ये पैसे संपले की नाक्यावर जादा आकारणी होते आणि मागचे हॉर्न ऐकावे लागतात ते निराळेच. निघतानाच जाता-येता पुरेल एवढी रक्कम टाकावी. टायरची हवा थंड गाडीत तपासायची, वाटेत तापलेल्या टायरात मोजली तर दाब जास्त दिसतो आणि लोक नको तेव्हा हवा सोडून देतात.

दावणगेरेला बेण्णे दोसा, म्हणजे लोण्यातला डोसा, खायचा की नाही यावर गाडीत मतभेद होतात. खावा, पण लोणी बेताने घालायला सांगावं, उद्या वळणांचा रस्ता आहे. मुक्काम चित्रदुर्ग.

रविवार

चित्रदुर्गहून हिरियूर 40 किलोमीटर आणि तिथे हायवे सोडायचा. मोबाइल कधीकधी तुमकूरवरून बंगळूर-हासन रस्त्याला न्यायला बघतो. तो रस्ता रुंद आहे, पण लांबचा वळसा पडतो. हिरियूर, हुळियार, तिपटूर, नुग्गेहळ्ळी, चन्नरायपट्टण ही वाट दुपदरी, नारळीच्या बागांमधली. ताशी 50 च्या हिशोबाने धरावी. प्रत्येक खेड्याच्या दोन्ही तोंडांना गतिरोधक आहेत आणि सगळ्यांवर पांढरे पट्टे रंगवलेले नाहीत. भरलेली गाडी खालून घासते ती इथे. तिपटूर म्हणजे खोबऱ्याची मोठी बाजारपेठ. चहा, स्वच्छतागृह, पेट्रोल सगळं इथेच उरकून घ्यावं.

चारच्या आत पोचलं की लगेच मोठ्या डोंगराकडे जाऊ नये. समोरचा छोटा चंद्रगिरी, ज्याला तिथले लोक चिक्कबेट्ट म्हणतात, तो आधी. पायऱ्या जवळपास दोनशे, उतरतं ऊन, गर्दी कमी. बहुतेक कुटुंबं हा डोंगर वगळतात आणि मला ते सगळ्यांत मोठं नुकसान वाटतं. विंध्यगिरीवरचा बाहुबली उत्तरेकडे तोंड करून उभा आहे आणि चंद्रगिरी त्याच्या उत्तरेलाच आहे. इथून मूर्ती बरोबर समोरून दिसते, तटाच्या वर आलेली. मूर्ती डोंगराच्या माथ्यावर का घडवली, हे इथे उभं राहिल्यावर आपोआप कळतं. उद्या पायाशी उभं राहिल्यावर मान मोडेपर्यंत वर बघावं लागणार आहे आणि त्या कोनातून प्रमाण कळत नाही.

चंद्रगिरीवर चंद्रगुप्त बसदीच्या (बसदी म्हणजे जैन मंदिर) दगडी जाळ्या चुकवू नयेत. जैन आचार्य भद्रबाहू आणि चंद्रगुप्त मौर्य यांच्या कथेतले प्रसंग लहान-लहान चौकटींत कोरलेत. मुलांना एकेक चौकट ओळखायला लावली की अर्धा तास जातो. शेजारची चावुंडराय बसदी त्याच चावुंडरायाच्या नावाची, ज्याने समोरची मूर्ती करवली. तो गंग राजा राचमल्लाचा मंत्री आणि सेनापती. मूर्तीचं साल 981 किंवा 983 असं सांगतात, आणि 1981 मध्ये हजार वर्षांचा सोहळा झाला तो पहिलं साल धरून.

सोमवार

पहाटेची वेळ साधली तर पायऱ्या थंडगार असतात. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर मोजे काढून अनवाणीच चढायचं, ओला मोजा ओल्या दगडावर धरत नाही.

पायऱ्यांची उंची कमी आहे, पण रुंदी सारखी नाही आणि काही ठिकाणी त्या कातळाच्या उताराबरोबर तिरप्या होतात. चढताना दम लागतो तो पायऱ्यांच्या उंचीमुळे नाही, पहिल्या शंभर पायऱ्या जोरात चढल्यामुळे. मुलं पळत सुटतात आणि मोठी माणसं त्यांच्या मागे. पन्नास पायऱ्या, दोन मिनिटं उभं, परत पन्नास. या चालीने साठीच्या पुढचं माणूस पाऊण तासात वर जातं. गुडघ्यांचा त्रास असेल त्यांच्यासाठी खाली डोली मिळते. दर वर जाण्याचा की जाऊन-येऊन, आणि वर किती वेळ थांबणार, हे उचलायच्या आधी बोलून घ्यायचं. वाद होतो तो नेहमी वरच्या थांबण्याच्या वेळेवरून. आणि खरी गरज उतरताना असते, त्यामुळे पैसे वाचवायचे असतील तर चढताना वाचवावेत.

वाटेत अखंड बागिलू लागतो, एकाच शिळेत कोरलेला दरवाजा, वर गजलक्ष्मी. शेवटचं दार ओलांडलं की चौक, आणि समोर एकदम पाय.

इथे बरेच जण पहिल्या क्षणी वर बघतात आणि फोटो काढायला लागतात. आधी खाली बघावं. 1871 च्या मस्तकाभिषेकासाठी मचाण बांधलेलं होतं, त्याचा फायदा घेऊन म्हैसूरच्या इंजिनिअरांनी मापं घेतली. पाऊल 9 फूट लांब. पायाचा अंगठा 2 फूट 9 इंच. खांद्यांची रुंदी 26 फूट. हाताचं मधलं बोट 5 फूट 3 इंच, म्हणजे बरोबर आणलेली बहुतेक मुलं त्या बोटाहून बुटकी. त्याआधी इंग्रजांनी सांगितलेले आकडे मजेशीर आहेत: प्रवासवर्णन लिहिणाऱ्या बुकॅननने 70 फूट 3 इंच लिहिले, सेनापती आर्थर वेलस्लीने 60 फूट 3 इंच. 1865 मध्ये म्हैसूरचा चीफ कमिशनर बाउरिंग याने नीट मोजून 57 फुटांवर आणले.

खांदे भरदार आणि गुडघ्याखालचे पाय मात्र अंगाच्या मानाने आखूड आहेत, हे एकदा पाहिलं की लपत नाही. मांड्यांच्या वर मूर्तीला मागून कसलाही आधार नाही. खाली दोन्ही बाजूंना वारुळं, त्यांतून डोकावणारे साप, आणि मांड्यांवरून दंडापर्यंत चढलेली माधवीची वेल. ही वेल दुर्बिणीतून बघावी. पानं एकेक सुटी दिसतात.

दुर्बीण दुसऱ्या कामाची इथे. मूर्तीच्या डाव्या पायाशी, म्हणजे आपल्या उजव्या हाताला, नागरी अक्षरांत मराठीतल्या दोन प्रसिद्ध ओळी आहेत: ‘श्रीचावुंडराजें करवियलें’ आणि ‘श्रीगंगराजे सुत्ताले करवियलें’. पहिली ओळ मूर्ती चावुंडरायाने करवली असं सांगते, दुसरी मूर्तीभोवतीच्या ओवऱ्यांबद्दल आहे. त्या होयसळ राजा विष्णुवर्धनाचा सेनापती गंगराज याने बाराव्या शतकात बांधल्या. पूजा चालू असेल तर पायांजवळ जाऊ देत नाहीत, तेव्हा लांबूनच वाचायच्या. शाळेच्या पुस्तकात मराठीतला पहिला शिलालेख म्हणून पाठ केलेली ती यातली पहिली ओळ. आता तो मान अलिबागजवळच्या अक्षीच्या लेखाला, शके 934 म्हणजे इ.स. 1012, देणारे अभ्यासक आहेत आणि बेळगोळच्या ओळी नंतरच्या असाव्यात असंही म्हणतात. कुणी भांडू नये, दोन्ही बघून यावेत.

फोटोचं एक सांगून ठेवतो. मूर्तीचं तोंड उत्तरेला, त्यामुळे हिवाळ्यात दुपारी सूर्य तिच्या पाठीमागे असतो आणि मोबाइलमध्ये चेहरा काळा येतो. सकाळी आठपर्यंत आपल्या डावीकडून तिरपा प्रकाश येतो, तेव्हा ओठांवरचं हलकं हसू आणि कुरळ्या केसांची वळणं उठून दिसतात. एप्रिलच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत सूर्य माथ्यावरून उत्तरेकडे सरकलेला असतो, पण त्यातला अर्धा काळ ढगांचा आणि उरलेला पाय भाजण्याचा.

दारासमोर गुळ्ळकायज्जीची छोटी मूर्ती आहे. चावुंडरायाने घडेच्या घडे दूध ओतूनही अभिषेक खालपर्यंत पोचेना, आणि या म्हातारीने फळाच्या करवंटीतून आणलेल्या दुधाने तो पावलांपर्यंत उतरला, अशी कथा. दानाचा तोरा मिरवणाऱ्या नातेवाइकांना ही कथा इथेच ऐकवावी.

नऊच्या आत उतरायला लागायचं. उतरताना गुडघे सरळ खाली टाकले तर दुपारपर्यंत ठणकतात. अंग थोडं तिरकं करून, कठड्याला एक हात, एका पायरीवर दोन्ही पाय. मुलांना पुढे सोडू नये, मागे ठेवावं.

खाली आल्यावर आंघोळ, जेवण, आणि मग अक्कन बसदीला पंधरा मिनिटं. 1181 चं होयसळ काम आहे, खांब लेथवर फिरवल्यासारखे चकचकीत.

बारा वर्षांनी येणारा महामस्तकाभिषेक 2018 च्या फेब्रुवारीत झाला, म्हणजे पुढचा 2030 ला. त्या काळात हा सगळा हिशोब रद्द. गाड्या गावाबाहेर अडवतात, वर जायला पास लागतात, धर्मशाळा महिनोन्‌महिने आधी भरतात. मूर्ती शांतपणे बघायची असेल तर ते वर्ष सोडूनच यावं. सोहळा बघायचा असेल तर रेल्वेने.

दोन दिवस हाताशी असतील तर परतताना हासनवरून धर्मस्थळ (39 फूट), वेणूर (35 फूट, 1604) आणि कार्कळ (42 फूट, 1432) असे बाकीचे बाहुबली एका फेरीत होतात आणि किनाऱ्याने वर येता येतं. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र हा बेत करू नये. सकलेशपूरच्या पुढचा शिराडी घाट दरडींमुळे बंद होतो, आणि पर्यायी चार्माडी घाटात तेव्हा सगळी वाहतूक येऊन अडकलेली असते.